लाइव्ह रॉक घेताना आणि टँकमध्ये ठेवण्याआधी

रीफ टँकसाठी, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायच्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, लाइव्ह रॉक किती किलो घ्यावा, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि मला तोच सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. टँकमधला सगळा खडक जिवंत असायची गरज नाही. तीन भाग साफ केलेला कोरडा खडक आणि एक भाग खरोखर समुद्रात राहिलेला लाइव्ह रॉक, एवढं पुरतं. मात्र तो एक भाग घेताना दुकानात तासभर उभं राहायची तयारी हवी, आणि घरी आणल्यावर महिनाभर तरी तो टँकच्या बाहेर ठेवायची.

लाइव्ह रॉक म्हणजे मेलेल्या प्रवाळांचा सांगाडा, रसायनशास्त्राच्या भाषेत कॅल्शियम कार्बोनेट. त्याला जिवंत म्हणायचं ते त्याच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्या मंडळींमुळे: बॅक्टेरिया, गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ, स्पंज, किडे, कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव), बारीक ठिसूळ तारामासे. माशांपासून आणि उरलेल्या खाद्यापासून अमोनिया होतो. खडकावरच्या बॅक्टेरियांचा एक गट त्याचा नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचा नायट्रेट. ऑक्सिजन जेमतेम पोहोचतो अशा आतल्या भोकांत आणखी एक गट असतो, तो नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून टाकतो आणि उरलेला नायट्रोजन वायू पाण्याबाहेर निघून जातो. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली जिवंत खडक, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्या भांडवलावर टँक चालवायची पद्धत लिहून प्रसिद्ध केली. पुढे बर्लिनच्या हौशी लोकांनी तिला प्रोटीन स्किमरची (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातला मळ बाहेर काढणारं यंत्र) आणि प्रखर दिव्यांची जोड दिली. घरगुती रीफ टँक आजही बराचसा त्याच वाटेने चालतो. थोडक्यात, खडक हाच मुख्य फिल्टर. पंप बिघडला तर उद्या बदलता येतो. ज्या खडकावर प्रवाळ चिकटून वाढलेत तो बदलायचा म्हणजे टँक मोडायचा. म्हणून सगळी किचकिच आधीच करून घ्यायची.

कुठून आलेला खडक

विकायला येणारा खडक साधारण चार प्रकारचा असतो. थेट प्रवाळभिंतीवरून काढलेला. जमिनीवरचा चुनखडक समुद्रतळाशी सोडून काही वर्षांनी वर काढलेला. पूर्ण कोरडा, बहुतेक वेळा पुरातन प्रवाळखडकांच्या खाणीतला. आणि सिमेंट किंवा सिरॅमिकचा बनवलेला.

पहिला प्रकार मी आता घेत नाही. दगडी प्रवाळ साइटीस कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे हा खडक एका देशातून दुसऱ्या देशात जाताना परवाना लागतो, आणि विक्रेत्याकडे कागद मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फ्लोरिडाच्या समुद्रातून नैसर्गिक लाइव्ह रॉक काढणं १९९७ पर्यंत पूर्ण बंद झालं. तेव्हापासून तिथे भाडेपट्ट्याने घेतलेल्या समुद्रतळावर दगड टाकून तो पिकवतात. माझा एक भाग लाइव्ह रॉक असा पिकवलेला असतो: स्पंज, कोरलाइन सगळं असतं आणि कुठली प्रवाळभिंत फोडावी लागत नाही. समुद्रकिनारी फिरायला गेल्यावर ‘एक तुकडा उचलला तर काय होतंय’ असं वाटतं खरं. उचलू नका. पुष्कळ ठिकाणी तो सरळ गुन्हा आहे, आणि किनाऱ्यावरच्या खडकात तेल, सांडपाणी, काय काय मुरलेलं असतं ते बघून कळत नाही.

कोरड्या खडकात कीड नसते, तो घरात कितीही दिवस पडून राहतो आणि आरामात रचता येतो. उणीव एकच: तो मुका असतो. बॅक्टेरिया बाटलीतून घालता येतात, पण बाकीची वस्ती बाटलीत मिळत नाही. नुसत्या कोरड्या खडकावर उभे केलेले टँक पहिल्या वर्षात डायटम, डायनोफ्लॅजेलेट (दोन्ही तपकिरी थर धरणारे सूक्ष्म जीव) आणि केसाळ शेवाळाच्या फेऱ्यांतून जातात, कारण मोकळ्या पृष्ठभागावर जो आधी पोहोचेल तो बसतो. त्या जागा भल्या जिवांनी आधी अडवाव्यात म्हणून तो एक भाग जिवंत.

सिमेंटच्या खडकाबद्दल एवढंच: तो साध्या पाण्यात बुडवून ठेवायचा, पाणी बदलत राहायचं आणि दर वेळी पीएच मोजायचा. चोवीस तास पाण्यात राहूनही पीएच ८.५ च्या वर चढत नाही अशी वेळ आली की तो वापरायला तयार. काही आठवडे जातात.

दुकानात

आधी नाक वापरा. खडक पाण्याबाहेर काढायला सांगा आणि भोकांजवळ नाक नेऊन वास घ्या. ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर येतो तसा खारा, ओलसर वास आला तर पुढे बोलू. नासलेल्या अंड्याचा वास आला तर आत काहीतरी सडतंय आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतोय. दुकानदार म्हणेल, ‘ताई, समुद्राचाच वास आहे.’ हसून खडक परत ठेवा. वास घेऊ न देणाऱ्या दुकानातून मी काहीही घेत नाही.

दुसरी गोष्ट वजन. आकाराच्या मानाने हलका खडक चांगला, कारण हलका म्हणजे आत पोकळ्या जास्त. अंघोळीच्या वेळी पाय घासायची वजरी हातात घेतल्यावर जशी लागते, त्या बाजूला झुकणारा हवा. गुळगुळीत आणि जड धोंडा किलोवर महाग पडतो आणि बॅक्टेरियांना राहायला जागा मात्र बाहेरच्या सालीपुरतीच देतो. कोरड्या खडकावर पाण्याचे चार थेंब टाकून बघा. झटकन शोषले गेले तर भोकं उघडी आहेत, ओघळून गेले तर दगड घट्ट आहे. खडकाच्या जातीबद्दल शंका असेल तर त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसला तर कार्बोनेट आहे. नाही फसफसला तर तो कदाचित लाव्हाचा वगैरे दगड असेल. असे काही दगड निरुपद्रवी असतात, पण काहींमधून धातू पाझरतात. मला ती चौकशी करत बसायची हौस नाही, मी तो सोडून देते.

रंगाला फार भुलू नका. जांभळा थर म्हणजे कोरलाइन, आणि तो जिवंत असेल तर उत्तमच, पण काही कोरड्या खडकांना जांभळा रंग फासलेला असतो. जिवंत कोरलाइन ठिपक्याठिपक्यांनी, वेगवेगळ्या छटांत आणि थोडी खरखरीत असते. एकसारखा जांभळा, अगदी खालच्या बाजूपर्यंत रंगलेला खडक दिसला की तो कारखान्यातला. वाईट नसतो, फक्त त्याला लाइव्ह रॉकची किंमत देऊ नका. मोठे पांढरेफटक पट्टे असतील तर तिथलं शेवाळ उघड्यावर राहून मेलंय. पांढुरका, कोळ्याच्या जाळ्यासारखा तलम थर दिसला तर तो मेलेल्या जिवांवर पोसणारा बॅक्टेरियांचा थर. तो खडक अजून सडण्याच्या टप्प्यात आहे.

मग विचारायचं: खडक टाकीत कधीपासून आहे, आणि त्या टाकीत कधी तांब्याचं औषध वापरलं होतं का? दुसरा प्रश्न विसरू नका, विशेषतः कुणाचा जुना टँक मोडतोय आणि खडक स्वस्तात मिळतोय तेव्हा. माशांच्या परजीवींवर तांबं वापरतात. कॅल्शियम कार्बोनेट ते शोषतं, आणि पुढे ते पाण्यात परत सुटू शकतं. माशाला सोसणारं तांबं कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना मारतं. उत्तर गोलमोल आलं की मी विषय तिथेच सोडते. फुकट मिळाला तरी.

‘क्युअर केलेला’ हा शब्द विक्रेते फार सैलपणे वापरतात. समुद्रातून काढल्यापासून दुकानात येईपर्यंत खडकावरचे पुष्कळ जीव मरतात. ते सडून, गळून, धुऊन निघाले आणि बॅक्टेरियांची घडी पुन्हा बसली की तो क्युअर झाला. दुकानाच्या टाकीत तो क्युअर झालेला असेलही. ओल्या कागदात गुंडाळून घरी येईपर्यंत त्यातलं पुन्हा काहीतरी मरतंच. त्यामुळे लेबलवर काहीही लिहिलेलं असो, मी प्रत्येक तुकडा कच्चा धरून चालते. पाण्यात बुडवून पाठवलेला खडक मिळत असेल तर तो घ्यावा; स्पंज हवेत उघडे पडले की सहसा जगत नाहीत.

आता तो ‘किती किलो’. जुना ठोकताळा लिटरला १२० ते १८० ग्रॅम असा आहे. तो जड खडकाच्या काळातला. चांगला पोकळ खडक असेल तर लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास पुरतो, म्हणजे २०० लिटरच्या टँकला २० किलो, त्यातला पाच किलो जिवंत. काचेपर्यंत गच्च भरलेल्या टँकमध्ये मासे फिरणार कुठे आणि प्रवाळ वाढणार कुठे? आणखी एक लक्षात ठेवा: २० किलो खडक सात-आठ लिटर पाण्याची जागा खातो. पुढे कॅल्शियम किंवा औषधाचा डोस काढताना टँकवर लिहिलेला आकडा वापरू नका.

कोरडा खडक साफ करणं

खाणीतला स्वच्छ कोरडा खडक असेल तर ब्रशने घासायचा, धुवायचा, आणि मिठाच्या पाण्यात पंप लावून आठवडाभर ठेवून फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, मोजायचं. ०.१ पीपीएमच्या (साधारण लिटरला मिलिग्रॅम) खाली असेल तर तो आणखी काही मागत नाही. जास्त निघालं तर पाणी बदलून पुन्हा आठवडा. खडक फॉस्फेट धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, म्हणून एकदा मोजून सुटका होत नाही; लागोपाठ दोन मोजण्या कमी आल्या की मी पुढे जाते. फारच हट्टी खडकासाठी लँथॅनम क्लोराइड वापरतात. ते फॉस्फेटला बांधून बारीक पांढरा गाळ करतं. तो गाळ बारीक फिल्टरच्या पिशवीत अडवायचा, आणि हे सगळं पिंपातच, मासे असलेल्या टँकमध्ये नाही.

जुन्या टँकमधला, वाळलेलं शेवाळ आणि मेलेले जीव चिकटलेला खडक असेल तर ब्लीच. साधं, सुगंध नसलेलं, एक भाग ब्लीच दहा भाग पाण्यात, एक-दोन दिवस, उघड्या हवेत. मग भरपूर धुवायचं, क्लोरीन काढणारं सोडियम थायोसल्फेट घातलेल्या पाण्यात ठेवायचं, आणि शेवटी उन्हात अगदी आतपर्यंत वाळू द्यायचं. वाळल्यावर ब्लीचचा जरासुद्धा वास यायला नको.

अॅसिडबद्दल मी जरा नाखूश आहे. हायड्रोक्लोरिक अॅसिडने खडकाची बाहेरची साल विरघळते आणि तिच्याबरोबर वरचं फॉस्फेट आणि मळ जातो, हे खरं. पण निम्म्याहून अधिक लोक ते गरज नसताना करतात. करायचंच असेल तर प्लॅस्टिकच्या टबात, मोकळ्या जागी, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर बंद गॉगल घालून. आधी पाणी, मग त्यात अॅसिड; उलट कधीच नाही. एकाला दहा ते पंधरा भाग पाणी, फसफस मंदावेपर्यंत अर्धा तास. वापरलेल्या पाण्यात खायचा सोडा फसफस थांबेपर्यंत टाकून मगच ते ओतायचं. आणि ब्लीच व अॅसिड एकाच दिवशी एकाच कोपऱ्यात नकोत. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचचा खडक पूर्ण धुऊन, वाळवूनच अॅसिडकडे न्यायचा.

खडक उकळू मात्र नका. भट्टीत किंवा ओव्हनमध्ये तापवणंही नाही, गरम पाण्याच्या फवाऱ्याने घासणंही नाही. खडकावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ जातीचे बटणासारखे प्रवाळजीव असले तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. १९७१ साली हवाईच्या अशा जिवांतून ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं आणि आजवर माहीत असलेल्या सगळ्यात जहाल विषांत त्याची गणना होते. उष्णतेने ते सहजी मोडत नाही. वाफेबरोबर हवेत जातं आणि खोलीत असलेल्या प्रत्येकाच्या फुप्फुसात. अशी माणसं दवाखान्यात दाखल झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. शिवाय आत अडकलेली हवा तापून खडक फुटू शकतो, पण ते पहिल्या कारणापुढे काहीच नाही.

पिंपातला महिना

लाइव्ह रॉक तयार करायला लागतं ते असं: अन्नासाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकचं पिंप, हीटर, दोन पावरहेड (पाणी फिरवणारे छोटे पंप), तळाशी ठेवायला प्लॅस्टिकची जाळी, आणि मत्स्यालयाचं समुद्री मीठ घातलेलं आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेलं) पाणी. स्किमर हाताशी असेल तर लावा, फार काम करतो. नळाचं पाणी नको. त्यातलं फॉस्फेट, तांबं, क्लोरामाइन सगळं खडकात जाऊन बसेल. मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, पण अंदाजाने न टाकता रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायचं उपकरण) ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे १.०२५-१.०२६ घनता बघायची. पाणी खडक यायच्या आदल्या दिवशी तयार हवं, २५-२६ अंशांवर आणि फिरतं. खडक दारात आल्यावर मीठ शोधायला जाणारे लोक मी पाहिलेत.

खडक उघडल्यावर प्रत्येक तुकडा वेगळ्या बादलीत खाऱ्या पाण्यात खळबळून काढा. हातमोजे घालूनच, हाताला चीर असेल तर त्यातून मायकोबॅक्टेरियम किंवा व्हिब्रिओ या बॅक्टेरियांचा संसर्ग होऊ शकतो, आणि काटेरी किड्याचे केस बोटात शिरले की दिवसभर आठवण राहते. काळे पडलेले, बुळबुळीत, हाताने सहज निघणारे भाग टूथब्रशने काढून टाका. घट्ट बसलेल्या रंगीत गोष्टींना हात लावू नका. स्पंज ओळखता येत नसेल तर दोन दिवस थांबा. मेलेला असेल तर त्याच्यावर पांढरा थर येईल आणि वासाने तो स्वतःच ओळख देईल. मग कापून टाका.

मग जाळीवर खडक सुटे सुटे ठेवायचे, खालून-वरून पाणी फिरेल असे. हीटर पिंपाच्या भिंतीला टेकू देऊ नका, प्लॅस्टिक वितळतं. दिवा नको. अंधारात ठेवल्यावर सडणाऱ्या खडकातून सुटणाऱ्या अन्नावर शेवाळ माजत नाही. कोरलाइन थोडे आठवडे अंधार सोसते. झाकण ठेवा पण हवेला फट राहू द्या.

पहिल्या आठवड्यात घरात वास येणार. आमच्याकडे या दिवसांत पिंपाच्या खोलीचं दार बंद ठेवायची सूचना मला रोज मिळते. तो वास दुकानात नाकारलेल्या वासाइतका तीव्र झाला तर मात्र एखादा तुकडा पूर्ण मेलाय. तो शोधून वेगळ्या बादलीत काढा, नाहीतर बाकीच्यांनाही घेऊन जाईल.

अमोनिया एक दिवसाआड मोजायचा. तो १ पीपीएमच्या पुढे गेला की निम्मं पाणी बदलायचं, तेवढ्याच तापमानाचं आणि क्षारतेचं. पुष्कळ जण सांगतात की अमोनिया चढू द्या, बॅक्टेरिया लवकर वाढतील. कोरड्या खडकाला ते ठीक. इथे आपण पैसे मोजले ते स्पंजांसाठी, किड्यांसाठी, बारीक कवचधाऱ्यांसाठी. त्यांना अमोनियात भाजून मग उरतो तो महागडा कोरडा खडकच. पाणी बदलताना मोठ्या पिचकारीने प्रत्येक भोकात पाण्याचा झोत मारा. तपकिरी गाळ निघेल, तळाशी बसेल, तो नळीने ओढून काढा. हे काम कंटाळवाणं आहे आणि क्युअरिंगचा निम्मा परिणाम यातूनच येतो. आत राहिलेला प्रत्येक चिमूटभर गाळ पुढे वर्षभर नायट्रेट आणि फॉस्फेट देत राहतो.

आधी अमोनिया चढतो, मग तो उतरत असताना नायट्राइट. नायट्राइट असताना नायट्रेटची टेस्ट खोटा मोठा आकडा दाखवते, म्हणून ती या काळात करूच नका, उगाच जीव घाबरतो. दोन आठवड्यांत आटोपलेले खडक मी पाहिलेत आणि दोन महिने घेणारेही. माझी कसोटी अशी: पाणी न बदलता सलग आठवडाभर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि खडक वर काढल्यावर वास पुन्हा खारा. तिन्ही एकदम हवेत.

तोवर कोरडा खडक दुसऱ्या पिंपात आपली तयारी करू शकतो. त्यात अमोनियम क्लोराइड टाकून अमोनिया २ पीपीएमवर आणायचा, बाटलीतले बॅक्टेरिया किंवा लाइव्ह रॉकच्या पिंपातलं थोडं पाणी आणि एखादा खडा घालायचा. घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य होतो आणि नायट्राइटही दिसत नाही, असं झालं की तो कामाला लागला. मग दोन्ही पिंपं एक करा आणि आणखी काही आठवडे एकत्र राहू द्या. या दिवसांत कोपेपॉड आणि किडे नव्या खडकावर चालत जातात.

बिनबोलावलेले

एकत्र पिंपावर आता रोज थोडा वेळ दिवा लावा, आणि रात्री लाल कागद लावलेला टॉर्च घेऊन बसा. लाल उजेड बहुतेक जिवांना जाणवत नाही, त्यामुळे ते पळत नाहीत. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत आवडता भाग वाटतो. जे दिसेल ते सगळं शत्रू नसतं. गुलाबी-तपकिरी काटेरी किडे उरलेलं खाद्य खातात, त्यांना राहू द्या. अपवाद जाड, पांढऱ्या केसांच्या झुबक्यांच्या आणि लालसर कल्ल्यांच्या अग्निकिड्याचा, तो प्रवाळ खातो. ठिसूळ तारामासे, कोपेपॉड, फुलासारखे पंखे काढणारे नळीतले किडे हे सगळे आपले.

ऐप्टेशिया मात्र एकही नको. तपकिरी, पारदर्शक, लांब बारीक हातांचा छोटा समुद्रफुलासारखा जीव. त्याला खरवडू किंवा कापू नका, तुटलेल्या तुकड्यातून नवा उगवतो. खडक पिंपात आहे तोवर उपाय सोपा आहे: कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजने त्याच्या तोंडावर. खडकात फारच रुतलेला असेल तर तेवढा भाग छिन्नीने फोडून टाका. टँकमध्ये गेल्यावर पेपरमिंट कोळंबी, बर्घिया नावाची गोगलगाय यांच्या मागे लागावं लागतं.

हिरवे चकचकीत फुगे म्हणजे व्हॅलोनिया नावाचं शेवाळ. बुडाशी धरून अख्खा काढायचा, तोही पाण्याबाहेर, फोडायचा नाही. पिसासारखं गर्द हिरवं ब्रायॉप्सिस शेवाळ दिसलं तर तो तुकडा मी सरळ बाद करते आणि वाळवून पुन्हा कोरडा करून टाकते. त्याच्याशी भांडण्यात वर्ष जातं. खडकाला चिकटलेल्या बारीक कडक नळ्या आणि त्यांतून निघणारे चिकट धागे म्हणजे व्हर्मेटिड गोगलगायी. नळी मोडून तोंड सुपरग्लूने बंद.

रात्री ‘टक्’ असा आवाज येत असेल तर मँटिस कोळंबी किंवा पिस्तूल कोळंबी. पिस्तूल कोळंबी सहसा त्रास देत नाही, मँटिस गोगलगायी आणि मासे मारते. केसाळ पायांचे, काळ्या टोकाच्या नांग्यांचे खेकडेही बाहेरच हवेत. अशा वेळी तो एकच तुकडा वर काढून त्याच्या भोकात साधा सोडा वॉटर सिरिंजने मारायचा, आतला प्राणी बाहेर पडतो. किंवा तुकडा १.०३५ च्या वर घनता असलेल्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवून बादलीवर धरायचा. हा उपाय सरसकट सगळ्या खडकावर करू नका. आवडते किडेही त्यात जातात. पकडलेल्या मँटिसला मारायलाच हवं असं नाही. वेगळ्या छोट्या टाकीत ती अप्रतिम दिसते.

माशांचे परजीवीही गाठीच्या रूपात खडकाला चिकटून येऊ शकतात आणि मासा नसताना आठवडेच्या आठवडे तग धरतात. पिंपात मासे नसल्यामुळे तो वेळ आपोआप मिळतो. घाई नको म्हणते ते याचसाठीही.

रचना

टँकच्या तळाच्या मापाचा पुठ्ठा कापा आणि त्यावर कोरडा खडक रचून बघा, चारही बाजूंनी काचेपासून आठ-दहा सेंटिमीटर सोडून. चुंबकाचा घासणा तिथून फिरायला हवा. मागच्या काचेला टेकून उभारलेली भिंत मला अजिबात आवडत नाही. तिच्यामागे पाणी फिरत नाही आणि गाळ साठतो. दोन सुटे पुंजके, मध्ये खिंड, आरपार दिसणाऱ्या एक-दोन गुहा, आणि पाण्याच्या वरच्या तिसऱ्या हिस्स्यात जवळजवळ काही नाही; प्रवाळ वाढून तो हिस्सा स्वतः भरतील. जोड द्यायला जेल सुपरग्लू आणि त्यावर इपॉक्सी, मोठ्या तुकड्यांना अॅक्रिलिकची दांडी. रचलेलं हाताने जोरात हलवून बघा.

टँकमध्ये खडक आधी, वाळू नंतर. वाळूवर ठेवलेल्या खडकाखालून गोबी मासे आणि पिस्तूल कोळंबी बोगदे काढतात आणि ढिगारा काचेवर येतो. लाइव्ह रॉकचे तुकडे एका कोपऱ्यात न ठेवता कोरड्याच्या मध्ये मध्ये बसवा, स्पंजाची बाजू सावलीत, कोरलाइनची उजेडात. हलवाहलवीत तुटलेला चुरा सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) टाका, कोपेपॉडना तिथे कुणी खात नाही.

भरल्यावर पहिले दोन आठवडे दिवे पाच-सहा तासच ठेवा, आणि अमोनिया मोजत राहा. हलवाहलवीत थोडं काही मरतंच. तपकिरी डायटम येतील, वाळूवर आणि काचेवर. गोगलगायी आणायच्या त्या हे दिसल्यावर. आधी आणल्या तर उपाशी मरतात, आणि खडकामागे मेलेली गोगलगाय म्हणजे पुन्हा अमोनिया.